अर्जुनरावांचा अंगठा

बजरंगरावांना कशाची कमी आहे, असं कुणी कावेरीबाईंना विचारलं असतं तर त्यांनी एका दमात सांगितलं असतं, "कशाचीच न्हाई. नुसती हौस जास्त झाली." नांदेडात स्वतःचा फ्लॅट, सहकारी बँकेत काउंटरमागची खुर्ची, लेक तनुजा लातूरच्या एका क्लासमध्ये शिकवायला, अन् लोह्याजवळ गावी धाकटा भाऊ व्यंकट वडिलांची जमीन कसायला. त्या जमिनीत वांगी पोत्यानं निघतात. तरी बजरंगराव रोज सकाळी गच्चीवर जाऊन, रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलेलं एकुलतं एक वांगं कालच्यापेक्षा वाढलं का ते वाकून बघत. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हाच. पण वळसा घालणाऱ्याला कळसा दिसत नसतो, त्याला काय करणार.

ह्या वांग्याचा फोटो ते 'गच्चीवरचा मळा, नांदेड-लातूर' नावाच्या ग्रुपवर टाकत. ग्रुप काढला होता लातूरच्या अर्जुनरावांनी. शेतीचा विषय शिकवून निवृत्त झालेले मास्तर, बोलणं मोजकं अन् शिस्त भारी. सकाळचे शुभेच्छा-फोटो टाकायचे नाहीत, देवाचे टाकायचे नाहीत, निवडणुकीचं तर नावच काढायचं नाही. दुसऱ्याच्या झाडाला नावं ठेवायची नाहीत, अन् ठेवल्यावाचून राहवतच नसेल तर आधी 'कृपया राग मानू नये' असं लिहून मग ठेवायची. सगळ्यात मोठा नियम असा की फळाचा फोटो ते झाडावर, वेलीवर असतानाच काढायचा. तोडलेला माल परातीत मांडून दाखवायचा नाही.

हा शेवटचा नियम आला उमरीच्या वीरण्णांमुळं. गरीब स्वभावाचा माणूस. त्यानं एकदा आपल्या कुंडीतली डाळिंबं म्हणून परातीचा फोटो टाकला होता. चांगली लालबुंद डाळिंबं होती, सगळ्यांनी वाहवा केली. पण बजरंगरावांची नजर बँकेत खोट्या नोटा धरून धरून तयार झालेली. त्यांनी फोटो बोटांनी ताणला, अन् एका डाळिंबाच्या कुशीला फळगाड्यावरचा बारीक स्टिकर सापडला. त्यांनी त्याच्याभोवती लाल गोल काढला, वर लिहिलं 'कृपया राग मानू नये', अन् दिलं ग्रुपवर सोडून. संध्याकाळी 'वीरण्णा यांनी ग्रुप सोडला' एवढी ओळ आली. बजरंगराव त्यानंतर आठवडाभर छाती काढून चालत होते, अन् त्यांच्या मते ग्रुपची इज्जत त्यांनीच राखली होती.

तरी त्यांच्या पदरात काय पडत होतं? अंगठा. त्यांनी मिरची टाकली, अर्जुनरावांचा अंगठा. टोमॅटो टाकले, अंगठा. पूर्वी कधीतरी मेथीला एक 'छान' मिळालं होतं, पण अलीकडं नुसता तो पिवळा, उभा, गुळगुळीत अंगठा. लोक म्हणतात त्याचा अर्थ चांगला असतो. असेल. बजरंगरावांच्या बँकेत अंगठा घेतात तो ज्याला सही येत नाही त्याचा, अन् आपल्याकडं अंगठा दाखवला म्हणजे माणसाला वाटेला लावला. ह्यातला कुठला अर्थ त्यांनी गोड मानून घ्यावा?

बरं, सगळ्यांनाच अंगठा मिळता तर काही म्हणणं नव्हतं. दुःख म्हातारी मेल्याचं नव्हतं, लातूरच्या गीतांजलीताईंचं होतं. ही बाई डाळमिलवाल्यांच्या घरातली सून, गच्ची एवढी मोठी की तिच्यावर ट्रॅक्टर फिरावा. तिनं कारल्याचा फोटो टाकला की अर्जुनराव चक्क टाईप करत. लिहीत, 'देखणं.' एकच शब्द, पुढं पूर्णविराम. त्यावर ताई लिहीत, 'सर, माझं काही नाही, सगळी तुमची शिकवण. आणि बजरंगदादांचं मार्गदर्शन असतंच.' बजरंगरावांनी तिला जन्मात मार्गदर्शन केलं नव्हतं. करायची वेळ आली असती तर उलटंच केलं असतं. तिचा हा नम्रपणा त्यांना तिखटासारखा झोंबायचा, कारण त्याच्यात लाल गोल काढावा असं काहीच सापडत नव्हतं.

"त्या बाईच्या कारल्यात काय शोधून राहिलात?" कावेरीबाईंनी एका सकाळी विचारलं. बजरंगरावांच्या चहावर साय आली होती.

"किडा."

"घावला का?"

"न्हाई."

"मग आपल्यात बघा," असं म्हणून त्या कप उचलून निघून गेल्या.

त्याच दिवशी बजरंगरावांनी ठरवलं, आता दुधी लावायचा. कारल्यापेक्षा दुधी दहापट मोठा. अर्जुनरावांना 'देखणं' लिहावंच लागेल, तोंड नाही उघडलं तर बोट तरी हलवावं लागेल.

वेल जोमानं आला. नुसता आला. पानं परातीएवढी, फुलं पांढरीशुभ्र, फळ म्हणाल तर करंगळीएवढं धरायचं, पिवळं पडायचं अन् गळायचं. अपार्टमेंटमधले शेजारी सल्ल्याला हजर. एक म्हणाला ताक घाला. दुसरा म्हणाला मुळात खिळे पुरा. तळमजल्यावरच्या शरणम्मा आजी गुडघे धरत गच्चीवर आल्या अन् म्हणाल्या, वेलाला सकाळी पायताणानं मारा, लाज वाटली म्हणजे फळ धरतंय. बजरंगरावांनी इकडं-तिकडं बघून तेही केलं. वेलाला लाज वाटली की नाही कळायला मार्ग नाही, पण समोरच्या इमारतीतल्या लोकांनी त्या दिवसापासून त्यांच्याकडं बघून नमस्कार करणं सोडलं.

शेवटी निदान झालं की वेलाला मांडव पाहिजे. अन् गच्ची सगळ्यांची, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी शिवप्रसाद यांची परवानगी पाहिजे. शिवप्रसाद म्हणजे नळाची तोटी गळाली तरी अर्ज मागणारा माणूस. बजरंगरावांनी अर्ज दिला, 'गच्चीवर मांडव घालण्यास परवानगी मिळणेबाबत.' शिवप्रसादांनी तो दोनदा वाचला अन् चष्मा काढला.

"अचानक ठरलं जणू?"

"अचानकच म्हणा. वाढ लई झपाट्यानं होऊन राहिली, आता थांबता येत न्हाई."

शिवप्रसादांचा चेहरा गंभीर झाला. "कुणाकडं ओढा हाय का काही?"

"हाव. रोज त्या शेजारच्या इमारतीकडंच जातंय. वेळेवर बांधून टाकलेलं बरं."

शिवप्रसादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बरोबर हाय. अशा बाबतीत उशीर करू नये. मी समितीचं बघतो, तुम्ही परेशान होऊ नका." अन् जो माणूस तोटीला महिना लावतो, त्यानं तिथल्या तिथं सही केली. बजरंगरावांना वाटलं, आपल्या शब्दाला वजन आलं.

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली, 'श्री. बजरंगराव यांचेकडील मांडवानिमित्त गच्चीवर कपडे वाळत घालू नयेत. मंडळातर्फे अभिनंदन.' दुपारपर्यंत कावेरीबाईंकडं तीन बाया हळद-कुंकवाला येऊन गेल्या अन् जावई काय करतो ते विचारून गेल्या. संध्याकाळी लातूरहून तनुजाचा फोन आला, "बाबा, माझं लग्न ठरलंय म्हणे. तारीख तेवढी सांगा, सुट्टी टाकावी लागंल." पोरगी बापावर गेली नव्हती म्हणून हसून बोलली. व्यंकट मात्र हसला नाही. त्याला ही खबर नांदेडच्या बाजारात कुणाकडून तरी कळली, अन् त्यानं थोरल्या भावाचा फोन उचलणंच बंद केलं.

"पुतणीचं लग्न चुलत्याला परक्याच्या तोंडून कळावं, म्हंजे काय राहिलं?" कावेरीबाई म्हणाल्या. "गुमान लोह्याची बस धरा."

गावी पोचले तर व्यंकट ओसरीवर पाठ करून बसलेला. "या. तुम्ही मोठी मानसं. आमाला कशाला कळवताव?" बजरंगरावांनी मांडव कशाचा ते सांगितलं. व्यंकट इतका हसला की बैल दचकून उठला. "दुधीसाठी अर्ज केलास, दादा? मागं गोठ्यावर जाऊन बघ जरा."

बजरंगराव मागं गेले अन् जागीच थांबले. गोठ्याच्या पत्र्यावर, कुणी अर्ज न करता, कुणी पायताण न मारता, एक दुधी लोळत पडला होता. दोन-अडीच वर्षांच्या लेकराएवढा. हिरवा, गुळगुळीत, अंगानं भरलेला. बजरंगरावांना त्या क्षणी सख्ख्या भावाचा हेवा वाटला, अन् खोटं कशाला सांगायचं, गोठ्याच्या पत्र्याचाही वाटला. मग डोळ्यांपुढं गीतांजलीताईंचं कारलं आलं. मागोमाग आलेल्या व्यंकटाकडं ते वळले.

"हा देशील का?"

"बियाला ठेवलाय तो. काय करतोस?"

"तुझ्या वहिनीला हलवा करायचाय."

"ह्याचा?" व्यंकट म्हणाला. "ह्याचा तंबोरा होईल, दादा, हलवा न्हाई." पण भाऊ मागतोय म्हटल्यावर त्यानं विळ्यानं चांगलं लांब देठ ठेवून तोडून दिला. "बी तेवढं माघारी आण. पेरायला तेवढंच हाय."

दुधीला ओरखडा उठू नये म्हणून बजरंगरावांनी तो टॉवेलात गुंडाळून छातीशी धरला अन् बसमध्ये चढले. बस खच्चून भरलेली. एक म्हातारी बाई लगबगीनं सरकली, "बसा बाबा, लेकरू हाय संगट." बजरंगराव बसले. खरं सांगावं तर उठावं लागणार होतं. "झोपलंय जणू," बाई म्हणाली. "तोंड तर उघडं ठेवा, गुदमरंल ना ते." त्यांनी टॉवेल आणखी आवळला अन् सांगितलं, वारं लागू द्यायचं नाही. तेवढ्यात कंडक्टर आला. "पाच वर्षांच्या आतलं हाय का?" "हाव," बजरंगराव म्हणाले, अन् ते अगदी खरं होतं. नांदेड येईस्तोवर बाईनं त्यांना खोकल्याचे तीन उपाय सांगितले, अन् उतरताना टॉवेलावर हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुधी आपल्या मांडवात चढवला. देठ वेलाला सुतळीनं बांधलं, वर पानं ओढून घेतली, खालून आधाराला कांद्याची जाळी लावली. लांबून बघितलं तर कुणाची छाती नव्हती संशय घ्यायची. नियमाप्रमाणं फोटो वेलीवरचा. त्यांनी फोटो टाकला अन् खाली लिहिलं, 'माझं काही नाही, सगळी निसर्गाची कृपा.' नम्रपणा त्यांना आता जमू लागला होता.

ग्रुप हादरला. फुलांचा अन् टाळ्यांचा पाऊस पडला. पण अर्जुनराव गप्प. त्यांनी बघितल्याच्या निळ्या खुणा दिसत होत्या, पण शब्द नाही, अंगठासुद्धा नाही. बजरंगराव काउंटरवर पैसे मोजता मोजता फोन उघडून बघत अन् मोजणी चुकत. संध्याकाळी गीतांजलीताईंनी लिहिलं, 'दादा, डोळ्यांचं पारणं फिटलं. यंदाची आपल्या ग्रुपची भेट माझ्या गच्चीवर ठरली होती, पण हा दुधी असताना माझ्याकडं काय बघायचं? रविवारी सगळे दादांकडंच जाऊ या का?' चाळीस जणांनी होकार दिला. आता ही बाई खरंच साधी होती की तिनं गोडीत काटा काढला होता, हे बजरंगरावांना शेवटपर्यंत कळलं नाही. अन् मग अर्जुनरावांनी बोट हलवलं. लिहिलं, 'येतो.' शब्द मिळाला, पण भलताच मिळाला.

रविवारपर्यंत त्यांनी दुधीची जी सेवा केली ती आजारी माणसाचीही कुणी करत नाही. ओलं फडकं फिरवलं, खोबरेल चोळलं. तरी देठ वाळायला लागलं अन् हिरव्याचा पोपटी होऊ लागला. बजरंगरावांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. एकाच्याही नजरेला ती सुतळी पडली, तर फोटोवर लाल गोल निघणार, वर 'कृपया राग मानू नये' येणार, अन् संध्याकाळी ओळ येणार, 'बजरंगराव यांनी ग्रुप सोडला.' ती ओळ त्यांना पाठ झाली होती. त्यांनी आजारपणाचं निमित्त काढून बघितलं. कावेरीबाई म्हणाल्या, "लोक भेटायला येतील अन् वर जाऊन दुधी बघतील. तुमच्यापेक्षा त्यालाच बघायला येऊन राहिलेत."

रविवारी लातूरची मंडळी गाडी करून येणार होती. अर्जुनराव मात्र आपल्या सवयीनं एसटीनं आले, अन् सगळ्यांच्या आधी आले. काळी टोपी, हातात कापडी पिशवी. पाणी घेतलं अन् सरळ वर गेले. बजरंगराव मागून, फाशीला निघाल्यासारखे.

मास्तर मांडवाखाली उभे राहिले. दुधीकडं बघितलं. मग दोन बोटांनी पान बाजूला केलं अन् सुतळीकडं बघितलं.

"गाठ सैल हाय," अर्जुनराव म्हणाले. "दुपारपर्यंत पडंल. सुतळी आणा."

बजरंगरावांनी यंत्रासारखी सुतळी आणली. म्हाताऱ्यानं जुनी गाठ सोडली, देठ वेलाला नीट लावून घेतलं, कडबा बांधतात तशी पक्की गाठ मारली अन् वरून दोन पानं अशी दुमडली की बांधणाऱ्यालाही सापडू नये.

"बियाचा दुधी हाय हा. शेतातला. कुणाचा?"

"धाकट्या भावाचा," बजरंगराव म्हणाले.

"बी आधी त्याला द्या." अर्जुनरावांनी हात झटकले. "उमरीचा वीरण्णा. त्याला बायकोच्या आजारपणात झाडांकडं बघायला झालं न्हाई. कुंडीतली डाळिंबं वाळून गेली. तिनं अंथरुणातून विचारलं, औंदा आपली डाळिंबं कशी आली हो? म्हणून त्यानं गाड्यावरची आणून परातीत मांडली. तिला दाखवायला काढलेला फोटो तिनंच हौसेनं ग्रुपवर टाकायला लावला. त्याची पण गाठ सैलच होती, बजरंगराव. फक्त त्या टायमाला बघणारे तुम्ही होता."

बजरंगरावांनी मनात तारखा जुळवल्या. मेथीला 'छान' मिळालं होतं ते त्या स्टिकराच्या आधी. अंगठे सुरू झाले ते नंतर. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला एवढा साधा हिशोब लागला नव्हता. त्यांना लाज वाटली, अन् शरणम्मांचा उपाय वेलाऐवजी कुणावर करायला पाहिजे होता तेही कळलं.

तेवढ्यात जिन्यात गलबला झाला. मंडळी वर आली. "अगं बाई, केवढा हा," असं म्हणत गीतांजलीताई हात पुढं करून सरळ दुधीकडं निघाल्या.

"दुसऱ्याच्या फळाला हात लावू नये," अर्जुनराव शांतपणे म्हणाले. "लांबून बघावं. ग्रुपचा नियम हाय."

असा नियम ग्रुपवर कधीच नव्हता. पण मास्तर बोलले म्हटल्यावर ताईंनी हात मागं घेतला, सगळे दोन पावलं सरकले, फोटो निघाले, कावेरीबाईंनी भजी अन् चहा वर पाठवला. कुणीतरी बी मागितलं. बजरंगराव सगळ्यांसमोर पहिल्यांदाच खरं बोलले, "बी भावाला द्यायचं हाय. त्याच्याकडून उरलं तर देतो." लोकांना वाटलं, काय हा माणूस, केवढा कुटुंबवत्सल.

संध्याकाळी फोन वाजला. अर्जुनरावांनी ग्रुपवर दुधीचा फोटो टाकला होता अन् खाली लिहिलं होतं, 'फळ देखणं. बांधणी उत्तम.'

दोन वाक्यं. दोन पूर्णविराम. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला ते मिळालं, अन् बजरंगरावांना ते गिळवेना. खाली गीतांजलीताईंनी लिहिलं, 'सर, मला आजवर एकाच्या वर शब्द मिळाला नाही. दादा, ही बांधणी मला शिकवाल का?' पहिल्यांदाच त्यांच्या लिहिण्यात जळका वास येत होता. आठ दिवसांमागं हा वास बजरंगरावांनी अत्तरासारखा लावून घेतला असता. आता त्यांनी नुसता फोटो ताणून बघितला. पानांच्या खालून सुतळीचं एक टोक बाहेर आलेलं. बारीक, पण ज्याला बघायचं त्याला दिसेल असं.

अन् त्याच वेळी ग्रुपवर ओळ आली, 'अर्जुनराव यांनी वीरण्णा यांना सामील केले.'

बजरंगराव खुर्चीत सरळ झाले. मास्तरांनी त्यांच्यासाठी फोटो पुन्हा टाकला, वीरण्णांनी तो बघितला. मग वर दिसायला लागलं, वीरण्णा लिहीत आहेत. थांबले. पुन्हा लिहीत आहेत. पुन्हा थांबले. बजरंगरावांना लाल गोल दिसायला लागला. काढू दे, ते मनात म्हणाले, त्याचा हक्कच हाय. कावेरीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

मग उमरीहून उत्तर आलं. अंगठा.

एकच. पिवळा, उभा, गुळगुळीत. बजरंगरावांनी डोळे पुसले अन् फोन पालथा ठेवला.

"उद्या रजा टाकतो. उमरीला जाऊन येतो म्हणतो."

"त्या वीरण्णांकडं?" कावेरीबाईंनी विचारलं.

"हाव. त्यांच्या बायकोची तब्येत विचारायचीय."

"जा. पर आजारी माणसाकडं रिकाम्या हाती जाऊ नका, फळं न्या," कावेरीबाई म्हणाल्या. "अन् गाड्यावरून घेतली तर स्टिकर तेवढे काढून न्या."